एमआरआय नॉर्मल, मग मुलगा असा का?

"रिपोर्ट नॉर्मल आलाय, म्हणजे मेंदूला काही झालेलं नाही. मग हा दिवसभर पडून का असतो? गोळ्यांनीच मंद झालाय ना?" स्किझोफ्रेनिया झालेल्या मुलांचे आईवडील हे प्रश्न बहुधा एका दमात विचारतात. शेवटच्याचं उत्तर घरीच ठरवून काहीजण गोळ्या बंद करून मोकळेही होतात. म्हणून ही केस. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका एसटीच्या डेपोतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. मुलगा चोवीस वर्षांचा, डिप्लोमा अर्धवट. कानात येणारे आवाज औषधांनी थांबले होते, पण आंघोळीला चारदा सांगावं लागे. काकांनी फिल्मचं पाकीट टेबलावर सरकवलं.

"बघा मॅडम, एकदम क्लीन. म्हणजे आळसच ना?"

एमआरआय काढतात ते गाठ, रक्तस्राव असं दुसरं काही नाही ना, हे पाहायला. त्यातला एक ठिपका साधारण मिलिमीटरभर असतो आणि तेवढ्या जागेत कोट्यवधी सायनॅप्स, म्हणजे मेंदूच्या पेशींचे सांधे मावतात. दोन पेशींमधली फट असते जेमतेम 20 नॅनोमीटर. जिथे बिघाड आहे तिथे ही फिल्म पोचतच नाही.

"मग कशावरून म्हणता बिघाड आहे?" निवृत्त माणसं पुरावा मागतात, आणि मला ते आवडतं.

पुरावा दोन बाजूंनी आलाय. 2000 साली अमेरिकेत मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंमध्ये, कपाळामागच्या भागातल्या एका थरात, पेशींच्या फांद्यांवरचे काटे निरोगी मेंदूंपेक्षा सुमारे 23 टक्के कमी भरले. संदेश घेणारे बहुतेक सांधे याच काट्यांवर असतात. पुढे 2020 मध्ये लंडनच्या संशोधकांनी 18 रुग्ण आणि 18 निरोगी माणसांचे पेट (PET) स्कॅन केले, म्हणजे मेंदूतल्या ठरावीक रेणूंची खूण टिपणारे स्कॅन. संदेशाचं रसायन ज्या इवल्या पिशव्यांत भरलेलं असतं, त्यांच्यावर एसव्ही2ए नावाचं प्रथिन असतं. त्याची खूण रुग्णांच्या मेंदूच्या पुढच्या भागात कमी दिसली. रुग्ण औषधं घेत होते, म्हणून शंका गोळ्यांवर आलीच. ती तपासायला उंदरांना 28 दिवस हॅलोपेरिडॉल किंवा ओलान्झापिन ही याच आजारावरची औषधं दिली. प्रथिन घटलं नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे हे खरं, पण "गोळ्यांनी सांधे खाल्ले" या समजुतीला आधार मिळत नाही.

इतका वेळ गप्प असलेल्या काकूंनी विचारलं, "म्हणजे पेशी मेल्या का हो त्याच्या?"

तसं नाही. पेशींच्या संख्येत मोठी घट दिसत नाही. घटतात ते मुख्यतः सांधे. पौगंडावस्थेत प्रत्येकाच्याच मेंदूत नको असलेल्या सांध्यांची छाटणी होते. ती इथे जास्त होत असावी, असा अंदाज आयर्विन फाइनबर्ग यांनी 1982 मध्ये मांडला होता. 2016 मध्ये सी4 या जनुकाच्या अभ्यासातून त्याला बळ मिळालं. अजून तो अंदाजच आहे. मात्र काकूंच्या लाडाचा किंवा काकांच्या रागाचा त्यात कुठे उल्लेख नाही, हे मी मुद्दाम सांगितलं.

काका बराच वेळ फिल्मकडे बघत राहिले. मग म्हणाले, "डेपो आहे, गाड्याही आहेत. फेऱ्या कमी झाल्यात."

आणि जरा थांबून, "मी सकाळी उठल्या उठल्या त्याला पाच कामं सांगतो. एकदम."

माझ्या दृष्टीने केस इथे वळली. सांध्यांची माहिती घरच्यांना द्यायची ती एवढ्यासाठीच. माझा कल आधी घराच्या बोलण्याकडे पाहण्याचा आहे, कारण सतत टीका होणाऱ्या घरांत आजार जास्त उलटतो, हे लंडनमधल्या जुन्या अभ्यासांपासून वारंवार दिसलंय. पण "टोमणे मारू नका" म्हणून टोमणे थांबत नाहीत. कारण पटलं की थांबतात.

त्यांनी बदललं ते एवढंच: एका वेळी एक काम, एका वाक्यात. सांगितल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजायचे, लगेच पुन्हा सांगायचं नाही. आंघोळीच्या पायऱ्या कागदावर लिहून दारावर. आंघोळ जमली की मगच दळण आणणं.

गोळ्यांचा प्रश्न उरतोच. मंदपणा आजाराचा, औषधाचा की उदासीचा, हे घरी ओळखणं कठीण. डोस वाढवल्यावर काही दिवसांत सुस्ती आली का, चालताना हात हलतात का, बोटं थरथरतात का, पाय स्वस्थ राहत नाहीत का, हे तारखेसह लिहून मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. डोस कमी करता येतो, वेळ रात्रीची करता येते, औषध बदलता येतं. आपल्या मनाने बंद करू नका. 2012 मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला गेला. वर्षभरात आजार उलटला तो औषध चालू असलेल्यांपैकी 27 टक्क्यांचा, बंद करून नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी 64 टक्क्यांचा.

"तो पेट स्कॅन करून घेऊ का?" हेही विचारलं जातं. नको. फरक गटांच्या सरासरीत आहे. रुग्ण आणि निरोगी यांचे आकडे एकमेकांत मिसळतात, एकट्याचं निदान त्यावरून होत नाही. छाटणी रोखेल या आशेने मायनोसायक्लिन हे अँटिबायोटिकही देऊन पाहिलं गेलं. 2018 च्या ब्रिटनमधल्या चाचणीत फायदा दिसला नाही. "सायनॅप्स वाढवणारी" पावडर कोणी विकत असेल तर ते पैसे वाचवा. गांजा मात्र घरात कोणी हलक्यात घेत असेल, तर तो विषय डॉक्टरांसमोर काढाच.

काकांच्या मुलाची सुस्ती आजार आणि औषध, दोन्हीकडची निघाली. डॉक्टरांनी गोळी रात्रीवर नेली आणि डोस टप्प्याटप्प्याने उतरवला. दळण तो आणतो. डिप्लोमाचं नाव अजून घरात कोणी काढत नाही, आणि इतक्यात काढूही नये.