सांगलीहून मुंबईच्या फोटो फेअरला, म्हणजे कॅमेऱ्यांच्या प्रदर्शनाला, जाण्यात अर्थ आहे का? सगळं यूट्यूबवर दिसतंच की. आणि गेलोच तर कॅमेरा तिथेच घ्यावा का?

जा. बिनधास्त जा. ‘यूट्यूबवर दिसतंच’ हे वाक्य माझा मोठा भाऊ आमच्या सांगलीच्या स्टुडिओत बसून वर्षानुवर्षं ऐकवतोय, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

आम्ही दोघं लग्नाची कामं करतो. दादाचा कॅमेरा कॅननचा फाइव्ह डी मार्क थ्री, २०१२ चं मॉडेल, आणि सोबत ईएफ माउंटच्या, म्हणजे कॅननच्या जुन्या जोडणीच्या लेन्सा, पोटाला चिमटा काढून जमवलेल्या. मिररलेसचा, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या पद्धतीच्या कॅमेऱ्याचा, विषय काढला की त्याचं ठरलेलं, “या लेन्सा काय कृष्णेत सोडायच्या?” जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला बसवणारा अडॅप्टर लावला की फोकस संथ होतो आणि फोटोही बिघडतो, असं त्याला एका दुकानदारानं सांगितलेलं. त्या दुकानदाराकडे जुना माल पडून होता हे मला दिसत होतं, दादाला नाही.

२०२२ च्या अखेरीस कॅननचा आर सिक्स मार्क टू हा मिररलेस आला. त्यानंतरच्या फेअरला मी रात्रीची महालक्ष्मी पकडली, दादरला उतरून लोकलनं गोरेगाव, तिथून नेस्कोचं प्रदर्शन केंद्र. दादा आला नाही. बॅगेत आमचीच ७०-२०० मिलिमीटरची झूम लेन्स घेतली होती आणि गणपती पेठेतून आणलेल्या मुंडावळ्या. मुंडावळ्या एवढ्यासाठी, की कंपनीच्या स्टॉलवर मॉडेल उभी असते, तिच्यावर डोळे दिपतील एवढा उजेड असतो, आणि तसल्या उजेडात कुठलाही कॅमेरा डोळ्यावर फोकस पकडतो. आपल्या नवरीच्या चेहऱ्यापुढं मोत्यांच्या सरी हलत असतात, वर होमाचा धूर. याची परीक्षा कुठला यूट्यूबवाला घेणार?

स्टॉलवरच्या पोराला म्हटलं, तुमची लेन्स नको, माझी लाव. त्यानं अडॅप्टरवर चढवून दिली. हा अडॅप्टर म्हणजे आत काच नसलेली नळी. ईएफ माउंट सेन्सरपासून ४४ मिलिमीटरवर, नव्या कॅमेऱ्यांचा आरएफ माउंट २० वर. मधलं २४ मिलिमीटरचं अंतर भरायचं आणि लेन्सचे विजेचे संपर्क बॉडीपर्यंत पोचवायचे, एवढंच त्याचं काम. काचच नाही तर फोटो बिघडणार कशानं?

मिरजेचा एक मित्र सोबत होता. त्याला मुंडावळ्या बांधल्या आणि झगमगाटापासून लांब, खांबाच्या सावलीत उभा केला. लोक बघत होते, बघू देत. त्यानं मान हलवली, सरी हलल्या, तरी फोकसची चौकट डोळ्यावरून ढळत नव्हती. मधेच मोत्यावर उडी मारायची, पण लगेच परत यायची. दादाच्या कॅमेऱ्यात फोकसचे ६१ पॉइंट, तेही फ्रेमच्या मध्याकडं गोळा झालेले. मधल्या पॉइंटवर फोकस धरायचा, मग फ्रेम सरकवायची. तेवढ्यात नवरी हलते आणि डोळा सॉफ्ट, कानातला झुमका शार्प. असे फोटो अल्बममधून बाजूला काढताना मला किती त्रास झालाय, ते माझं मलाच माहीत.

आणखी एक गोष्ट तिथंच कळली. स्टॉलवाला सेकंदाला ४० फोटोंचं कौतुक सांगत होता. हा वेग इलेक्ट्रॉनिक शटरवरचा, म्हणजे पडदा न हलवता सेन्सरच थेट वाचण्याचा. शेजारच्या एलईडी वॉलकडं रोखून काही फ्रेम मारल्या तर फोटोभर पट्टे. सेन्सर ओळीओळीनं वाचला जातो आणि तेवढ्या वेळात वॉल लुकलुकत असते, म्हणून. आपल्याकडच्या कार्यालयांत स्टेजमागं आता हीच वॉल असते. मेकॅनिकल शटर लावून शटरस्पीड खाली आणला तेव्हा पट्टे गेले. मेकॅनिकलवर सेकंदाला १२ मिळतात, अंतरपाट खाली येतो त्या क्षणाला ते भरपूर झाले.

तर फेअरला जाताना आपलं काम सोबत न्या: आपली लेन्स, आपलं मेमरी कार्ड, आपल्याला रोज नडणारी अडचण. कार्ड घालू देतीलच असं नाही, पण विचारा. नुसती ब्रोशर गोळा करायला जाणार असाल तर खरंच घरी बसा.

खरेदीचं म्हणाल तर ऑफर असतात, पण पक्कं जीएसटी बिल आणि कंपनीची भारतातली वॉरंटी मिळत नसेल तर हात लावू नका. मी बॉडी सांगलीतच घेतली, हप्त्यावर. तुम्ही हौसेपुरते फोटो काढत असाल, कासला फुलं, नदीकाठी पक्षी, तर एवढ्या लांबच्या खर्चाची गरज नाही. ओळखीच्याचा कॅमेरा एक दिवस मागून वापरा. हे आधीच सांगायला हवं होतं.

आता मांडवात आर सिक्स दादा स्वतः मागून घेतो, त्याच जुन्या ७०-२०० सकट. पण मुंबईला जाणं ही उधळपट्टी होती, हे तो सोडत नाही. मला ते मान्य नाही आणि होणारही नाही. तुमच्याकडं भाऊ, वडील, कुणी धंद्यात सोबत असेल तर एकट्यानं जाऊ नका. ओढून न्या, आणि त्याचीच लेन्स त्याच्याच हातानं नव्या बॉडीला लावू द्या. दादा त्या दिवशी आला असता तर दुकानदाराचं म्हणणं त्यानं स्वतःच तपासून पाहिलं असतं.