अकरावीला गणित की बायो? दोन्ही घ्या

ताई, नमस्कार. पत्र वाचलं. लेकीची दहावी झाली, शाळेच्या प्रदर्शनात तिने जुन्या डिश अँटेनाला आरशाचे तुकडे चिकटवून चहा उकळून दाखवला, आणि सीझनला पहाटे कासवमित्रांबरोबर गुहागरच्या किनाऱ्यावर घरटी शोधायला जाते. आता म्हणते सोलर थर्मलची, म्हणजे आरशांनी ऊन एकवटून उष्णता आणि तिच्यावर वीज करायच्या तंत्राची एफिशियन्सी वाढवणार नाहीतर कासवाची नवीन जात शोधणार, आणि तिचे बाबा म्हणतात दोन डगरींवर हात नको, बायो सोड.

सोडायला लावू नका. गणित आणि बायो दोन्ही एकत्र घेता येतात, सीईटीचे पीसीएम (गणितवाला) आणि पीसीबी (बायोवाला) दोन्ही ग्रुप देता येतात, अभ्यास वाढतो हे मात्र खरं.

तुम्ही सहज लिहिलंय की ती हॅचरीतल्या, म्हणजे कासवाची अंडी उबवायला ठेवतात तिथल्या वाळूचं तापमान रोज वहीत टिपते, मी तिथेच थांबलो. वाळू साधारण 29-30 अंशांच्या वर गेली की पिल्लांत माद्या जास्त, खाली नर जास्त. आणि सोलर थर्मलमध्येही सगळा खेळ तापमानाचाच! आरशांनी तापवलेलं तेल 390 अंशांच्या आसपास चालतं, वितळलेलं मीठ 565 पर्यंत, थंड बाजू 40 धरली तर एफिशियन्सीची वरची मर्यादा सुमारे 53 टक्क्यांवरून 63 वर जाते. प्रत्यक्षात बरंच कमी मिळतं कारण आरसे, पाईप, टर्बाईन सगळीकडे थोडं थोडं जातंच. हे गणित ती आज करू शकते, दोन्ही तापमानांत 273 मिळवायचे, थंडला गरमने भागायचं आणि उत्तर एकातून वजा करायचं.

पण एक स्पष्ट सांगतो, असे वीजप्रकल्प मुख्यतः राजस्थानात, आपल्याकडे दमट हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे घराजवळ नोकरी मिळेल असं धरू नका. उन्हातून थेट वीज करणारे पॅनेल स्वस्त झाल्यापासून नवीन प्रकल्पही कमी झालेत. उष्णता थेट वापरायच्या कामात मला जास्त वाव दिसतो, शिर्डीला साईसंस्थानच्या स्वयंपाकघरात 73 डिश लावून वाफेवर जेवण करतात, एकदा तिला दाखवून आणा.

कासवांचं म्हणाल तर समुद्री कासवांच्या जाती जगात सातच मानतात, आपल्या किनाऱ्यावर आठवी सापडेल ही आशा धरू नये. नवीन जाती निघतात त्या बहुतेक गोड्या पाण्यातल्या, त्यातही डीएनएवरून. दक्षिण अमेरिकेतलं माटामाटा कासव दोनशेहून जास्त वर्षं एकच जात समजायचे, 2020 ला त्यातून दुसरी वेगळी काढली. त्यासाठी एमएस्सी, मग पीएचडी, म्हणजे पगार सुरू व्हायला उशीर, हे बाबांना आत्ताच सांगून ठेवा. जवळ हवं असेल तर रत्नागिरीत शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे.

तोवर तिला एक काम द्या. पावसाळ्यात मेलेलं कासव वाहून आलं तर वनखात्याला कळवायचं, हात न लावता वरून फोटो काढायचा आणि पाठीवर मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंचे मोठे खवले मोजायचे, अगदी काठावरचे छोटे सोडून. हिरव्या कासवाला दोन्ही बाजूंना 4-4, ऑलिव्ह रिडलेला सहसा 6 किंवा जास्त, कधी डावीकडचा आणि उजवीकडचा आकडा वेगळाच. आकडे त्याच तापमानाच्या वहीत लिहू दे आणि दिवाळीत मला पाठवायला सांगा, मी वाट बघतो.