पगार ‘गणपतीनंतर’ का?

प्रश्न : रत्नागिरी तालुक्यातील एका आंबा कॅनिंग कारखान्यात मी ६ वर्षे ८ महिने भांडार सांभाळत होतो. नेमणूकपत्राप्रमाणे महिनाभर आधी राजीनामा देऊन मी १५ मे रोजी काम सोडले. शेवटच्या पंधरा दिवसांचा पगार आणि शिल्लक रजेचे पैसे मालकांनी अडवले आहेत. ऐन हंगामात गेलास, रिकाम्या डब्यांचा हिशेबही जुळत नाही, आता गणपतीनंतर बघू, असे ते म्हणतात. आम्ही एकाच वाडीतले असल्याने तक्रार करायला मन धजत नाही. काय करावे?

उत्तर : आपण ठरलेली मुदत पूर्ण केली आहे, त्यामुळे हंगामाचा मुद्दा गैरलागू ठरतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहिता, २०१९ च्या कलम १७ नुसार, कामगाराला काढून टाकले असो वा त्याने स्वतः राजीनामा दिला असो, त्याचे वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करावे लागते. १९३६ च्या जुन्या कायद्यात ही दोन दिवसांची मुदत मालकाने कामावरून कमी केलेल्यांपुरतीच होती; राजीनामा देणाऱ्याला ताटकळत ठेवण्याची सवय बहुधा तेव्हापासूनची असावी.

डब्यांचा आक्षेप मात्र गांभीर्याने घ्या, कारण भांडार आपल्या ताब्यात होते. ताब्यात दिलेल्या मालाचे नुकसान कामगाराच्या निष्काळजीपणामुळेच झाले असेल, तर कपात करता येते. परंतु त्याआधी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते, कपात प्रत्यक्ष नुकसानीपुरतीच असावी लागते आणि सर्व कपाती मिळून त्या कालावधीच्या वेतनाच्या निम्म्याहून अधिक होऊ शकत नाहीत. ‘हिशेब जुळत नाही’ एवढ्या तोंडी वाक्यावर सगळा पगार रोखणे यात बसत नाही. किती डबे, कोणत्या तारखेचे, हे लेखी मागा.

आपण ग्रॅच्युइटीचा उल्लेखही केलेला नाही, याचे मला अधिक आश्चर्य वाटले. पाच वर्षे पूर्ण झाली असल्याने ती आपल्याला मिळायला हवी आणि सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरला जात असल्याने आपली सेवा ७ वर्षांची मोजली जाईल. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून समजा १८,२०० रुपये असतील, तर २६ ने भागून, १५ ने आणि ७ ने गुणल्यास ७३,५०० रुपये होतात. म्हणजे ज्या पंधरा दिवसांसाठी आपण संकोचत आहात, त्याच्या कितीतरी पट रक्कम मागायचीच राहून गेली आहे. ती देण्याची मुदत ३० दिवसांची असते आणि उशीर झाल्यास व्याज लागते.

वाडीतल्या ओळखीमुळे तोंडी मागत राहिलात, तर मागणी केल्याचा पुरावाच उरणार नाही. पगार, रजा आणि ग्रॅच्युइटी यांचे वेगवेगळे आकडे लिहून सविनय पत्र स्पीड पोस्टाने पाठवा; त्यात भांडण काही नाही. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात अर्ज करा. वेतनाच्या दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे आणि प्राधिकारी थकबाकीखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देववू शकतो. अर्जाला नेमणूकपत्र, पगारपत्रके, बँकेचे पासबुक आणि राजीनाम्याची पोच जोडा. ‘गणपतीनंतर बघू’ हे मालकांनी व्हॉट्सॲपवर लिहिले असेल, तर तो संदेश अजिबात पुसू नका. काहीतरी देणे बाकी असल्याचे त्यातून दिसते.