क्लच कव्हरमधून ऑइल गळतंय

प्रश्न : माझी १०० सीसीची गाडी आहे, खानापूर ते बेळगाव रोज जाणं-येणं. क्लच कव्हर उघडल्यावर पॅकिंग फाटलं म्हणून मिस्त्रींनी नुसतं सिलिकॉन भरपूर लावून बसवलं, तरी ऑइल गळतंयच. अजून जाड थर द्यावा काय?

उत्तर : नको हो, जाड थरानंच घात होतो बघा! बोल्ट आवळले की जादाचं सिलिकॉन आत पिळून निघतं, त्याचे तुकडे ऑइलच्या जाळीत अडकतात आणि वर हेडपर्यंत, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागापर्यंत, ऑइल पोचत नाही, मग खर्च इंजिनचाच. क्लच कव्हरला कागदी पॅकिंग असतं ना, तेच नवीन आणून बसवा, फार महाग नसतं. इंजिनच्या केसच्या, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या, दोन भागांमधे जिथं कंपनीनंच पॅकिंग दिलेलं नाही तिथंच लिक्विड गॅस्केट, म्हणजे हे सिलिकॉन, आणि तेही पातळ, २ मिमीची रेघ बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूनं. आधी जुनं सगळं काढा, पण ॲल्युमिनियमवर स्क्रू-ड्रायव्हर घासू नका, चरा पडला की तिथूनच गळणार, नंतर थिनरनं पुसून कोरडं करा. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. सिलिकॉन लावलं असेल तर २४ तास ऑइल भरू नका. आणि हेड गॅस्केटला, म्हणजे हेडखालच्या पॅकिंगला, मात्र हे सिलिकॉन अजिबात लावू नका.