शेवाळाला युरिया लागत नाही का?

प्रश्न: मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. ‘हवेतला नत्र फक्त जीवाणूंनाच बांधता येतो’ हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. परवा एक मुलगा म्हणाला, बाई, समुद्रातलं एक शेवाळ स्वतःच नत्र बांधतं. हे खरं आहे का? त्याच्या वडिलांची भातशेती आहे. उद्या भातालाही युरिया लागणार नाही का, असं त्यांनी विचारलंय.
– एक शिक्षिका, गुहागर तालुका

उत्तर: बाई, मुलाचं बरोबर आहे आणि तुमचं वाक्यही पुसायला नको. कसं ते सांगतो, थोडं लांबेल.

आधी शाळेच्या कुंपणाशी चवळीचं एखादं रोप असेल तर ते उपटा आणि मुळावरची गाठ वर्गासमोर नखाने फोडा. आतून गुलाबी निघाली तर गाठ कामावर आहे, म्हणजे तिच्यातले जीवाणू हवेतला नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणताहेत, यालाच नत्र बांधणं म्हणतात. नत्र बांधणारं नायट्रोजिनेज हे विकर प्राणवायू लागला की निकामी होतं. म्हणून झाड त्या गाठीत एक लालसर प्रथिन तयार करून प्राणवायूला आवर घालतं. एवढं मुलांना दिसलं की पुढचं सोपं जातं.

समुद्रातल्या नीलहरित जीवाणूंची पंचाईत याहून मोठी, कारण ते स्वतःच उन्हात प्राणवायू सोडतात. त्यातले काही मग नत्राचं काम रात्री उरकतात. 1998 साली जोनाथन झेर या अमेरिकी शास्त्रज्ञाला प्रशांत महासागराच्या पाण्यात अशाच एका अनोळखी जीवाणूच्या डीएनएचा तुकडा सापडला. जीवाणू मात्र हाती लागेना. त्याचं सगळं जनुकीय साहित्य वाचलं तेव्हा कळलं की प्राणवायू सोडणारी यंत्रणाच त्याने टाकून दिली आहे, त्यामुळे तो भर दिवसा नत्र बांधू शकतो. पण त्यापायी कार्बन बांधणंही गेलं, म्हणजे पोटासाठी दुसऱ्याच्या दारात जाणं आलं. ते दार ब्रारुडोस्फेरा बिगेलोवी या एकपेशीय शैवालाचं निघालं. अंगावर चुन्याच्या बारा पंचकोनी चकत्या, आणि त्यांच्या आत हा जीवाणू.

हे शैवाल प्रयोगशाळेत जगवणं महाकठीण. जपानच्या कोची विद्यापीठातल्या (केरळातलं कोची वेगळं) क्योको हागिनो या मूळच्या जीवाश्मांच्या अभ्यासक. किनाऱ्याचं पाणी आणायला त्या तीनशेहून अधिक वेळा गेल्या, दहा वर्षांहून जास्त काळ, तेव्हा कुठे ते बाटलीत वाढू लागलं. बातम्यांत या बाईंचं नाव ओझरतं येतं, याचा मला राग आहे. ते बाटलीतलं शैवाल नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

कारण खरा प्रश्न होता, आतला जीवाणू भाडेकरू की घरचा माणूस? चवळीच्या गाठीतला जीवाणू भाडेकरू. प्रत्येक नव्या रोपात त्याला मातीतून नव्याने शिरावं लागतं. इथे तसं नाही. शैवालाची पेशी विभागते तेव्हा आतलाही विभागतो आणि प्रत्येक नव्या पेशीला एक मिळतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याला लागणारी बरीच प्रथिनं शैवालाच्या केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात आणि त्यांना पत्त्याची चिठ्ठी असावी तसा एक जादा तुकडा जोडलेला असतो. स्वतःची सगळी प्रथिनं त्याला आता बनवताच येत नाहीत. एप्रिल 2024 मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि त्याला पेशीअंगकाचा, म्हणजे पेशीच्या आतल्या कायमच्या अवयवाचा, दर्जा देऊन नायट्रोप्लास्ट हे नाव ठेवलं गेलं. पेशीतली तंतुकणिका आणि हरितलवक ही अंगकंही मुळात असेच आत आलेले जीवाणू. फरक इतकाच की त्यांना शंभर कोटी वर्षांहून जास्त झाली, हा सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीचा.

तेव्हा फळ्यावर ‘जीवाणूंनाच’ याच्यापुढे ‘किंवा त्यांच्यापासून झालेल्या अंगकांना’ एवढं जोडा. परीक्षेत मात्र पुस्तकातलंच लिहायला सांगा, तपासणारा कोण असेल ते आपल्या हातात नसतं.

भाताचं म्हणाल तर वडिलांना सांगा, युरियाचं पोतं इतक्यात सुटत नाही. नायट्रोप्लास्ट उचलून भाताच्या पेशीत सोडला तर तो तिथे उपाशी मरेल, कारण त्याची निम्मीशिम्मी शिधासामग्री शैवालाच्या जनुकांत आहे. त्यापेक्षा खाचरात अझोला हे पाण्यावर तरंगणारं नेचं सोडावं. त्याच्या पानांच्या पोकळीतही नत्र बांधणारा जीवाणू असतो, पेशीच्या आत मात्र नाही.

प्रश्न: आमचा देवगडजवळ होमस्टे आहे. रात्री लाटा निळ्या चमकतात ते जीवाणूंमुळे, असं एक पाहुणे म्हणाले. खरं का?

उत्तर: नाही. आपल्याकडे बहुतेक वेळा तो नॉक्टिल्युका असतो. तोही एकपेशीय, पण प्रकाश त्याचा स्वतःचा, पाणी ढवळलं की पडणारा. अरबी समुद्रात त्याचा हिरवा प्रकारही सापडतो. त्याच्या पोटात बारीक हिरवी शैवालं पोहत असतात, जीवाणू नव्हेत. पाहुण्यांना पुरावा हवा असेल तर चमकणारं पाणी काचेच्या ग्लासात घ्या आणि उजेडात भिंगाखाली धरा. पारदर्शक गोल टिपके आणि त्यांना एक बारीक शेपटी दिसली, तर तोच.