दोन सशांमधला एक सारखा दुसऱ्यावर चढतो, काय करायचं?

"मॅडम, मोठा त्या छोट्याला जगू देत नाही हो." हे वाक्य मला महिन्यातून तीनचारदा तरी ऐकू येतं. मी पाळीव प्राण्यांच्या वागण्यावर समुपदेशन करते, कुत्रेवालेच जास्त येतात, पण हल्ली फ्लॅटमधे ससे पाळणारे वाढलेत आणि त्यांचा प्रश्न ठरलेला. पिल्लं आणली तेव्हा एकमेकांच्या अंगावर झोपायची, आणि साडेतीन-चार महिन्यांची झाली की एक दुसऱ्यावर चढतो, मागे पळतो, केस उपटतो.

नाशिकच्या एका घरातले लाडू आणि पेढा (नावं बदललीत, पण खरी नावंही खाण्याचीच होती). दुकानदाराने दोन्ही माद्या म्हणून दिलेले. मी आधी डॉक्टरकडे पाठवलं तर दोन्ही नर निघाले! दुकानदाराच्या शब्दावर मी आता विश्वासच ठेवत नाही, कारण एक नर एक मादी असती तर गाभण राहिल्यावर साधारण 31 दिवसात घरात पिल्लं. तर दोघांचं नसबंदीचं ऑपरेशन केलं. इथे एक सांगते, सशांची ऑपरेशनं नेहमी करणाराच डॉक्टर शोधा, आणि जो सशाला आदल्या रात्री उपाशी ठेवा म्हणेल तो सोडून दुसरा बघा, सशाला उलटी होतच नाही आणि पोट रिकामं राहून आतडी थंडावली तर जिवावर बेततं. मग सहा आठवडे मधे जाळी, रोज एकाचं फडकं दुसऱ्याच्या पिंजऱ्यात, आणि भेट गॅलरीत, जिथे दोघंही आधी कधी गेलेले नव्हते.

दोन आठवड्यांनी फोन. "ऑपरेशनचे पैसे पाण्यात गेले, लाडू अजून चढतोच."

चढणारच की! हार्मोन उतरले तरी घरात मोठा कोण हे ठरायचं बाकी असतंच, आणि माद्यासुद्धा चढतात. पण मला नेहमी प्राण्याने काय केलं यापेक्षा त्यानंतर लगेच काय घडलं यात जास्त रस असतो. म्हणून विचारलं, चढला, मग?

"मग काय, सासूबाई धावतात."

आजी शेजारीच बसलेल्या. "लाडूला उचलते आणि पिंजऱ्यात टाकते. पेढ्याला कोथिंबीर देते, बिचारा घाबरलेला असतो. नंतर लाडू येऊन त्याच्यापुढे डोकं टेकवतो, माफी मागतो मेला."

"दिवसातून किती वेळा?"

"आठदहा तरी."

म्हणजे रोज आठदहा वेळा भांडण अर्ध्यावर तुटत होतं आणि परत पहिल्यापासून सुरू. मी सातवीतल्या नातीला सांगितलं, आजी देवळात गेल्या की फोनवर व्हिडिओ काढ आणि सशांना हात लावू नकोस. तो व्हिडिओ आम्ही चौघींनी पाहिला. लाडू चढला, नऊ सेकंदं, उतरला. पेढा सोफ्याखाली गेला. दोनेक मिनिटांनी आपणहून बाहेर आला, लाडूने त्याच्यापुढे मान जमिनीला लावली आणि पेढा त्याचं कपाळ चाटायला लागला.

"आजी, ही माफी नाही. डोकं खाली घालणारा दादा असतो, चाट म्हणून हुकूम सोडतोय तो."

आजी गप्प. मग म्हणाल्या, "म्हणजे मी दादालाच रोज कोंडत होते?" खरं सांगते, या एका वाक्यासाठी मी हे काम करते. पुस्तकी भाषेत मी तासभर बोलले असते तरी ते पोचलं नसतं.

मग कधी मधे पडायचं? शेपट्या वर करून दोघं एकमेकांभोवती गोल फिरायला लागले, किंवा एकमेकांना धरून लोळले, तर ताबडतोब, पण उघड्या हाताने नाही, जाड टॉवेल टाकून. तोंडाच्या बाजूने चढला तर हळूच फिरवून मागे करायचा, कारण खालचा नको तिथे चावतो आणि ती जखम वाईट असते. एखादा पुंजका केस पडला तर चालतं, रक्त आलं तर वेगळं करून डॉक्टर. बाकी पाण्याची दोन भांडी, गवत दोन ठिकाणी, आणि लपायला खोका देताना त्याला दोन्हीकडून भोकं पाडा, एकच दार असलं की आतला कोंडीत सापडतो. कोथिंबीर दोघांना, एकाच ताटात, सगळं शांत असताना.

"म्हणजे मी नुसतं बघत बसायचं?" आजींना हेच सगळ्यात जड गेलं.

महिन्याभराने नातीचा मेसेज आला. लाडू अजून दिवसातून एखादवेळा चढतो, आजी तेव्हा जपाची माळ घेऊन बसतात, म्हणतात एक माळ पुरी व्हायच्या आत उतरतो.