तणनाशक फवारलं म्हणून ग्रामपंचायतीचा दंड : भरायचा की नाही?

प्रश्न : काटोल तालुक्यात माझी तीन एकर संत्र्याची बाग आहे. पावसाळ्यात झाडांखाली तण माजलं म्हणून ग्लायफोसेट फवारलं. आमच्या ग्रामसभेने यंदा ‘गावशिवारात कोणी तणनाशक मारायचं नाही’ असा ठराव केला होता. त्यावरून ग्रामपंचायतीने मला ५,००० रुपये दंड लावला. नळयोजनेची विहीर माझ्या बांधापासून जवळच आहे, हेही त्यांचं म्हणणं. दंड भरल्याशिवाय नमुना ८ (घराचा ग्रामपंचायतीतला उतारा) देत नाही, असं ग्रामसेवक सांगतात. शेतीवर असे नियम लावायचा अधिकार त्यांना आहे का?

उत्तर : भाऊ, दंड भरू नका. तुम्ही पाठवलेला बिलाचा फोटो पाहिला. घरपट्टीचं छापील बिल, त्यावरचा ‘घरपट्टी’ शब्द खोडून पेनाने ‘फवारणी दंड’ लिहिलेलं. कलम नाही, ठरावाची तारीखही नाही. दंड बसवायचा तर त्यामागे कायद्याचं कलम लागतं. ग्रामसभेत किती हात वर झाले, याने ती उणीव भरून निघत नाही.

सरपंच तुम्हाला पंचायतराजची ७३ वी घटनादुरुस्ती दाखवतील. अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांत पहिलाच विषय शेती आहे, हे खरं. पण त्या यादीने पंचायतीच्या हाती आपोआप काही येत नाही. विधिमंडळ कायदा करून जेवढं देईल तेवढंच येतं. महाराष्ट्रात ते १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने दिलं आहे, आणि कोणतं औषध शेतात चालेल हे ठरवणं त्यात नाही. तो विषय केंद्राच्या १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात येतो. त्या कायद्याच्या लेखी तणनाशकही कीटकनाशकच.

राज्य सरकारचेही हात इथे किती बांधलेले आहेत, ते पाहा. २०१७ साली यवतमाळात फवारणी करता करता शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले, तेव्हा सरकारने काही औषधांची विक्री थांबवली. तीसुद्धा ६० दिवसांपुरती, कारण कीटकनाशक कायद्याचं कलम २७ राज्याला तेवढीच मुदत देतं; चौकशी अपुरी राहिली तर फार तर आणखी ३० दिवस. इतकी माणसं गेल्यावर राज्याला जे कायमचं बंद करता येत नाही, ते एका ठरावाने कसं बंद होईल?

आता तुम्हाला न आवडणारी बाजू सांगतो. ग्लायफोसेटला आपल्याकडे मान्यता चहाच्या मळ्यांसाठी आणि बिगरपिकाच्या जागेसाठी आहे. संत्र्याच्या बागेसाठी नाही. ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेने तर परवानाधारक कीडनियंत्रकाशिवाय इतरांनी ते वापरण्यावर निर्बंध घातला. स्वतः कसत असलेल्या जमिनीवरच्या वापराला कीटकनाशक कायद्याच्या कलम ३८ मध्ये सूट आहे, पण या अधिसूचनेपुढे ती टिकेल या भरवशावर राहू नका. शिवाय पिण्याचं पाणी सांभाळणं हे पंचायतीचं कामच आहे. ‘विहिरीला धोका आहे’ असं म्हणून पंचायतवाले उद्या पाण्याचा तपासलेला नमुना घेऊन आले, तर ते प्रकरण या बिलासारखं मोडीत काढता येणार नाही. शेजाऱ्याच्या पिकावर औषध उडालं तर भरपाईचा दावा वेगळाच. म्हणून विहिरीकडच्या ओळींत तण खुरप्याने किंवा ग्रास कटरने काढा. मजुरी लागेल, मला कल्पना आहे. पण त्या विहिरीचं पाणी तुमच्याही घरात येतं.

उताऱ्याचं म्हणाल तर आधी घरपट्टी-पाणीपट्टी चुकती आहे ना, ते बघा; ती थकलेली असेल तर त्यांना आयतं कारण मिळेल. मग नमुना ८ साठी लेखी अर्ज करून पोच घ्या. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली ही अधिसूचित सेवा आहे. नाकारली किंवा मुदतीत दिली नाही तर पंचायत समितीत अपील करता येतं. तोंडी नकार ऐकून घरी परतू नका, तेवढं कटाक्षाने पाळा. सोबत माहिती अधिकारात ठरावाची प्रत आणि ‘दंड कोणत्या कलमाखाली’ याचं उत्तर मागा. गटविकास अधिकाऱ्यांकडे दंडाविरुद्ध तक्रार त्याच आठवड्यात द्या, आणि एक प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. बहुतेक वेळा प्रकरण इथेच मिटतं. नाही मिटलं तर नागपूर खंडपीठात रिट करता येईल, पण ५,००० रुपयांसाठी तिथवर जायची घाई करू नका. ते खोडलेलं बिल मात्र जपून ठेवा. मूळ कागद कोणाच्या हाती देऊ नका, झेरॉक्स द्या.